कल्पित लोकांच्या भाषा

कल्पित लोकांच्या भाषा : पुराणकथा, अद्‌भुतकथा, चित्रपट इत्यादींतील काल्पनिक जनसमूहांसाठी लेखकाने रचलेल्या, अथवा प्रत्यक्षातील एखादी बोली घेऊन त्यांच्या मुखी घातलेल्या भाषा. अशी भाषा ही कथेतील केवळ सजावट नसते. कोणत्या लोकांना व्याकरण, काव्य व इतिहास असलेली भाषा मिळते आणि कोणाच्या वाट्याला नुसता आरडाओरडा येतो, यावरून लेखकाने त्यांना दिलेला दर्जा कळतो. महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. बुलढाणा जिल्ह्यातील निहाली ही पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाणारी भाषा. परंतु तीच रचलेली भाषा असावी, असा तर्क एकेकाळी अभ्यासकांनी मांडला होता. कल्पित भाषांची समीक्षा करताना म्हणूनच निहालीचा दाखला कसोटीसारखा उपयोगी पडतो.

भारतीय परंपरा : प्राचीन भारतीय कथावाङ्मयात दैत्य-राक्षसांना बहुधा स्वतंत्र भाषा दिलेली नाही. याच जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराशी निगडित असलेल्या लवणासुराच्या कथेतही दैत्य आणि त्याचा वध करणारा विष्णू यांच्यात भाषेचा अडसर येत नाही. वाल्मीकिरामायणातील रावण तर संस्कृतज्ञ आहे. अशोकवनात सीतेशी बोलताना आपण संस्कृतात बोललो तर ती आपल्याला रावणच समजेल, असा विचार करून हनुमंत सामान्य माणसाची वाणी पत्करतो. शत्रू असूनही राक्षसराज भाषेने हीन ठरत नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. नाट्यपरंपरेने मात्र पात्रांच्या सामाजिक पायरीप्रमाणे भाषांची वाटणी केली. उच्च पुरुषपात्रांना संस्कृत, नायिकेला शौरसेनी आणि खालच्या पात्रांना इतर प्राकृते, अशी ही वाटणी होती. किरातादी जमातींच्या स्वतःच्या भाषा नाट्यप्रयोगात वापरू नयेत, असाही भरताच्या नाट्यशास्त्राचा संकेत आहे. रंगभूमीवर या जमाती आल्या; त्यांची भाषा आली नाही.

पैशाची : कल्पित लोकांच्या भाषेचे महाराष्ट्राशी संबंधित असे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे गुणाढ्याच्या बृहत्कथेची पैशाची. कथासरित्सागरातील (अकरावे शतक) आख्यायिकेप्रमाणे सातवाहन राजाला सहा महिन्यांत संस्कृत शिकविण्याच्या पैजेत गुणाढ्य शर्ववर्म्याकडून हरला आणि संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा त्याने वर्ज्य केल्या. विंध्याच्या अरण्यात तो पिशाचांची भाषा शिकला व तीत सात लक्ष श्लोकांची कथा त्याने स्वतःच्या रक्ताने लिहिली. पिशाचभाषेतील म्हणून राजाने ती अव्हेरली. तेव्हा गुणाढ्याने अरण्यातील पशुपक्ष्यांना ऐकवीत तिची पाने अग्नीत टाकली. राजाला पश्चात्ताप होईपर्यंत एकच लक्ष श्लोक शिल्लक राहिले होते. मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. सोमदेव, क्षेमेंद्र व बुधस्वामी यांच्या संस्कृत रूपांतरांतूनच तिची ओळख होते. म्हणजे ज्या भाषेसाठी ही आख्यायिका रचली गेली, ती भाषाच तिच्यातून नाहीशी झालेली आहे.

वररुची व हेमचंद्र यांच्या व्याकरणांत पैशाचीची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत मृदू व्यंजनांच्या जागी कठोर व्यंजने येणे हे प्रमुख होय. उदा., दामोदरचे तामोतर, मदनचे मतन. चूलिकापैशाचीत नगरचे नकर, राजाचे राचा. या लक्षणांत भुताखेतांचे असे काहीच नाही. ती एखाद्या सामान्य प्राकृताची लक्षणे आहेत. तरीही नावाचा प्रभाव ओसरला नाही. जॉर्ज ग्रीअर्सन यांनी १९०६ मध्ये वायव्य भारतातील भाषांच्या एका गटाला ‘पिशाच भाषा’ असे नाव दिले. पुढे त्याऐवजी ‘दार्दिक’ हे नाव रूढ झाले. स्टेन कोनॉव्ह यांनी पैशाचीचे मूळ स्थान विंध्य परिसरात शोधले. पैशाचीच्या स्थानाविषयी मतभेद असले, तरी एक गोष्ट स्पष्ट होते : कथेने दिलेले नाव प्रत्यक्षातील बोलणाऱ्यांना चिकटते.

आधुनिक अद्‌भुतकथा : लेखकाने संपूर्ण भाषा रचावी, ही कल्पना विसाव्या शतकात भरास आली. तत्पूर्वी टॉमस मोर यांच्या यूटोपिया (१५१६) व जोनाथन स्विफ्ट यांच्या गलिव्हर्स ट्रॅव्हल्स (१७२६) या ग्रंथांत कल्पित भाषांचे काही नमुने आले होते. जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) या इंग्रज भाषाशास्त्रज्ञ कादंबरीकाराने भाषा आधी व कथा नंतर असा क्रम स्वीकारला. द लॉर्ड ऑफ द रिंग्ज (१९५४-५५) या त्यांच्या कादंबरीतील एल्फ लोकांच्या क्वेन्या व सिंडारिन या भाषांवर अनुक्रमे फिनिश व वेल्श भाषांची छाया आहे. दोन्ही भाषा एकाच मूळ भाषेपासून ठराविक ध्वनिपरिवर्तनांनी निघाल्या, असे त्यांनी दाखविले. लोक दुभंगले म्हणून भाषा दुभंगली, हा इतिहास शब्दांच्या रूपांत दिसतो. म्हणूनच त्या भाषा खऱ्या वाटतात.

तथापि टॉल्किन यांची ही उदारता सर्वांना सारखी लाभलेली नाही. ऑर्क या दुष्ट लोकांना स्वतःची भाषा नाही. इतरांचे शब्द विकृत करून ते आपल्या बोली बनवितात. रानटी म्हणून ज्यांची शिकार केली जाई, त्या अरण्यवासी लोकांचा प्रमुख घान-बुरी-घान सद्‌गुणी व चतुर दाखविलेला आहे. पण वाचकाला ऐकू येते ते त्याचे मोडकेतोडके परभाषिक बोलणेच. त्याच्या स्वतःच्या भाषेचे दोनचार शब्दच कथेत डोकावतात. भारतातील अलीकडचे उदाहरण बाहुबली (२०१५) या चित्रपटातील किलिकी भाषेचे आहे. मदन कार्की यांनी ती सुमारे ७५० शब्द व ४० व्याकरणनियमांसह रचली. परिश्रम मोठे असले, तरी ती दिली आहे ती कालकेय या क्रूर आक्रमकांना. अपरिचित ध्वनी ऐकून प्रेक्षकाला भीती वाटावी, हे तिचे नाट्यगत कार्य होय. अपरिचित म्हणजे रानटी, हे समीकरण येथे पुन्हा दृढ होते.

निहालीचा दाखला : बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा इ. गावांत निहाल लोक राहतात. निहाली बोलणाऱ्यांची संख्या सुमारे दोन-अडीच हजार मानली जाते. जवळजवळ सर्व निहाल कोरकू, मराठी वा हिंदी यांपैकी एखादी भाषाही बोलतात. ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात (खंड ४, १९०६) कोनॉव्ह यांनी निहाली ही मूळची मुंडा बोली असून तिच्यावर प्रथम द्राविडी व नंतर आर्य भाषांचा प्रभाव पडला असावा, असे मत मांडले. रॉबर्ट शेफर (१९४०) व सुधिभूषण भट्टाचार्य (१९५७) यांच्या लेखनानंतर तिचे वेगळेपण पुढे आले. एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात तिच्या शब्दसंग्रहाचे थर वेगळे केले. एक तृतीयांशाहून अधिक शब्द कोरकूशी जुळतात, काही द्राविडी आहेत, अनेक आर्य आहेत. परंतु सुमारे एक चतुर्थांश शब्दांचा कोणत्याही ज्ञात भाषेशी संबंध लागत नाही. पाण्याला जोप्पो, डोळ्याला जिकी, ‘मी’ला जो म्हणतात. दोन ते चार या संख्यांची नावे द्राविडी, तर पाचापासून पुढची आर्य आहेत.

या न जुळणाऱ्या शब्दांचा उलगडा करताना कायपर यांनी, निहाली ही टोळीने गुप्ततेसाठी बनविलेली कूटभाषा असू शकेल, ही शक्यताही मांडली. वसाहतकालीन लिखाणात निहालांची लुटारू अशी नोंद असल्याने या तर्काला बळ मिळाले. परंतु कूटभाषेत बहुधा परिचित शब्दच उलटसुलट करून, अक्षरे घालून वा अर्थ पालटून वापरतात; नियम कळला की मूळ शब्द सापडतो. निहालीचे मूळ शब्द कोरकू वा मराठी शब्दांना असे नियम लावून सिद्ध होत नाहीत, आणि ती धंद्याची नव्हे तर घरातील भाषा आहे. के. एस. नागराज यांचा व्याकरण, संहिता व शब्दसंग्रह यांचा समावेश असलेला ग्रंथ २०१४ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने प्रसिद्ध केला. आज सामान्यतः निहाली ही कोणत्याही ज्ञात भाषाकुळात न बसणारी एकाकी भाषा मानली जाते.

मूल्यमापन : कल्पित भाषा जिवंत वाटण्यासाठी चमत्कारिक ध्वनींपेक्षा निहालीसारखा थरांचा इतिहास लागतो. शेजाऱ्याकडून घेतलेल्या संख्या, धन्याच्या भाषेतील शब्द आणि या सर्वांखाली टिकून राहिलेले स्वतःचे ‘जो’ व ‘जोप्पो’ यांत एका लहान समाजाचे परावलंबन आणि चिवटपणा दोन्ही दिसतात. कल्पित रानटी लोकांच्या भाषांत नेमका हाच इतिहास नसतो. त्यांना भूतकाळ नाही असे गृहीत धरलेले असते, आणि तेच गृहीतक शास्त्राच्या वेषात प्रत्यक्षातील लोकांनाही लावले जाते. मराठीत अद्‌भुतकथा लिहिणाऱ्याला सातपुड्याच्या पायथ्याची ही भाषा बरेच शिकवू शकेल. मात्र तिचे शब्द कथेतील राक्षसांच्या तोंडी घालणे म्हणजे पैशाचीच्या वेळी झालेला अन्याय पुन्हा करणे होय. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे १९७१ पासूनच्या जनगणनेत स्वतंत्रपणे प्रसिद्ध होत नसल्याने निहालीचे नाव त्या यादीत आढळत नाही. तरुण पिढी कोरकू, मराठी व हिंदीकडे वळत असून निहालीची गणना संकटग्रस्त भाषांत होते.