डग्लस सर्क यांची शैली आणि अतिनाट्याचे पुनर्मूल्यांकन

चित्रपटसमीक्षेत ‘अतिनाट्य’ हा शब्द बहुधा दूषण म्हणूनच योजिला जातो. योगायोगांची रेलचेल, भावनांचा भडक आविष्कार आणि ओढूनताणून साधलेला सुखान्त एवढेच त्याचे स्वरूप मानले, तर डग्लस सर्क (१८९७–१९८७) यांचे चित्रपट दुय्यम ठरतात. त्यांच्या काळातील अनेक समीक्षकांनी ते तसे ठरविलेही. वस्तुतः सर्क यांनी या प्रकाराचे दोष टाळले नाहीत. त्यांनाच अर्थवाहक केले.

जर्मन रंगभूमीवर घडलेल्या सर्क यांनी १९३७ मध्ये जर्मनी सोडली व पुढे ते हॉलिवुडमधील युनिव्हर्सल कंपनीत काम करू लागले. तेथील कथानके ठरीव साच्याची असत. म्हणून जे कथानकास सांगता येत नव्हते, ते त्यांनी रंग, प्रकाश, आरसे आणि खिडक्या यांच्याकडून वदविले. ‘ऑल दॅट हेवन अलाउज’ (१९५५) मधील केरी ही मध्यमवयीन विधवा आपल्या बागेची निगा राखणाऱ्या रॉनवर प्रेम करते आणि मुलांच्या व समाजाच्या विरोधापुढे नमून त्याला दूर सारते. नाताळात मुले तिला टेलिव्हिजन संच भेट देतात. विक्रेता संचाची महती गात असता त्याच्या काचेत दिसतो तो केरीचाच एकाकी चेहरा. अखेरीस मीलन होते, पण रॉन अपघाताने अंथरुणास खिळल्यावर. खिडकीबाहेर बर्फात हरीण येते. हे चित्र इतके गोड आहे की केरीला प्रियकर लाभला की शुश्रूषेचे काम, अशी शंका यावी. येथे अश्रू खोटे नाहीत. खोटे आहे ते समाजाने देऊ केलेले समाधान.

या शैलीचा वारसा दोन दिग्दर्शकांनी भिन्न रीतींनी चालविला. १९७१ मध्ये सर्क यांच्यावर लेख लिहिणाऱ्या फासबिंडर यांनी ‘फिअर ईट्स द सोल’ (१९७४) या इंग्रजी नावाने परिचित असलेल्या चित्रपटात तीच कथा म्युनिचमध्ये नेली. येथे प्रौढ सफाई कामगार स्त्री मोरोक्कन मजुराशी विवाह करते, तेव्हा तिचा मुलगा टेलिव्हिजन संच लाथेने फोडतो. शेवट रुग्णशय्येपाशीच होतो. मात्र हरीण नाही, आणि आजार पुन्हा उलटेल असे डॉक्टर सांगतात. उलट टॉड हेन्स यांनी ‘फार फ्रॉम हेवन’ (२००२) मध्ये सर्क यांचे झळाळते रंग जसेच्या तसे उभे केले आणि १९५५ च्या कथेत स्थान नसलेले वर्णभेद व समलिंगी आकर्षण हे विषय मध्यवर्ती केले.

बाह्यरूपाने हेन्स सर्क यांच्या अधिक निकट आहेत. परंतु त्यांच्या कथानकानेच सारे बोलून दाखविल्यामुळे वस्तूंना बोलावयास थोडेच उरते. फासबिंडर यांनी रंग टाकले, पण वस्तूंवरील विश्वास राखला. सर्क यांचा खरा प्रभाव तेथे आहे. आरसे व खिडक्या यांची नक्कल सुलभ असते. त्यांच्यावाचून जे सांगताच आले नसते, ते शोधणे हेच कठीण होय.