कुस्करलेल्या बटाट्याचे रसग्रहण

आमच्याकडे समीक्षा कशाची होत नाही? कवितेची होते, नाटकाची होते, नाटकाच्या समीक्षेची होते, आणि त्या समीक्षेवर परिसंवाद झालाच तर परिसंवादातल्या चहाचीसुद्धा होते. पण कुस्करलेल्या बटाट्याला अजून कुणी समीक्षक लाभल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ही उणीव कुणीतरी भरून काढायलाच हवी होती. माझ्या पोटाचा घेर पाहता मी या कामाला अपात्र आहे, असं आमच्या डॉक्टरांखेरीज कुणी म्हणणार नाही.

पहिली अडचण नावाची. इंग्रज 'मॅश्ड पोटॅटो' म्हणतो. फ्रेंच माणूस 'प्युरे' म्हणतो, आणि म्हणताना ओठांचा असा चंबू करतो की निम्मा पदार्थ तिथेच गिळून झाला असं वाटावं. मराठीत 'कुस्करलेला बटाटा' म्हटलं की बटाट्याला एस्टीखाली अपघात झाल्यासारखं वाटतं. 'लगदा' म्हणावं तर कागदाची गिरणी आठवते. 'भरीत' हा शब्द वांग्याने अडवून ठेवलाय, शिवाय भरताला मुळात भाजल्याचा वास हवा. तेव्हा यापुढे मी 'मॅश' म्हणणार. ज्यांचा शुद्ध मराठीचा आग्रह असेल त्यांनी आधी 'बटाटा' हा शब्द सोडून दाखवावा; तो पोर्तुगिजांकडून आलाय.

बटाट्याचं मूळ गाव अँडीज पर्वतात, पेरू देशाच्या बाजूला. इतक्या लांबून आलेल्या या पाहुण्याला आपण थेट एकादशीच्या ताटात नेऊन बसवलं, आणि पिढ्यान् पिढ्या घरात असलेल्या लसणीला चातुर्मासात उंबऱ्याबाहेर ठेवलं! म्हणजे ज्या पदार्थाबद्दल मी लिहितोय त्यातला नवरा उपासाला चालतो आणि बायको चालत नाही. असो. घरोघरी असे संसार झालेले आहेत.

फ्रेंचांनी मात्र बटाट्याला सुरुवातीला दारातच उभं केलं होतं. बटाटा खाल्ला की महारोग होतो असा तिकडे समज होता. पारमांतिए नावाच्या एका औषधशास्त्रज्ञाला सात वर्षांच्या युद्धात प्रशियनांनी पकडलं आणि कैदेत बटाटे खायला घातले. आपल्याकडचा माणूस सुटल्यावर कैदेतल्या जेवणाबद्दल तक्रार करता. हा परत येऊन बटाट्याचा प्रचार करत सुटला. 1772 साली पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठाने बटाटा खाण्याजोगा असल्याचा निर्वाळा दिला. पॅरिसच्या पेअर लाशेझ दफनभूमीत त्याच्या थडग्यावर लोक आजही फुलांऐवजी बटाटे ठेवतात. लेखकाच्या वाट्याला असं काही येत नाही. आमच्या वाट्याला आले तर टोमॅटो येतात.

आता मुख्य कलाकृतीकडे वळू. मॅशच्या इतिहासात जे स्थान संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांचं, ते जोएल रोबुशाँचं. या गृहस्थांनी 1981 साली पॅरिसमध्ये 'जामँ' नावाचं हॉटेल काढलं आणि 1984 पर्यंत मिशलँचे तीन तारे मिळवले. पुढे जगभरच्या त्यांच्या हॉटेलांचे मिळून तीसहून अधिक तारे झाले. 2018 साली ते वारले तेव्हा लोकांनी कशाची आठवण काढली? बटाट्याच्या मॅशची! त्याची कृती छापलेली आहे. 'रात' जातीचे लहान, लांबुडके बटाटे एक किलो, लोणी पाव किलो, दूध आणि मीठ. बस्स. बटाटे सालासकट उकडायचे, गरम असतानाच सोलून हाताच्या चाळणयंत्रातून काढायचे, मंद आचेवर ढवळून त्यातलं पाणी उडवायचं, थंडगार लोण्याचे तुकडे एकेक करून घोटायचे, मग उकळतं दूध बारीक धारेने सोडायचं, आणि शेवटी हे सगळं पुन्हा बारीक चाळणीतून गाळायचं.

इथे वाचकांपैकी श्रीखंड करणाऱ्या भगिनींनी मान डोलावली असेल. पुरणयंत्राशी आणि चक्क्याच्या फडक्याशी ज्यांचा हात बसलाय, त्यांना रोबुशाँसाहेबांनी नवीन काही शिकवलेलं नाही. फक्त त्यांच्या पुरणयंत्राला तारे लागले. आमच्या आईच्या पुरणयंत्राला गंज लागला.

या कलाकृतीचा आस्वाद मी एकदा घेतलाय. माझा भाचा फ्रान्समध्ये नोकरीला असतो. त्याने मामाला मोठ्या हौसेने नेलं होतं. पहिला चमचा तोंडात गेला आणि खरं सांगतो, मी डोळे मिटले. गाठ नाही, कण नाही, रेशमासारखं काहीतरी जिभेवरून सरकून गेलं. दुसऱ्या चमच्यालाही तसंच सरकून गेलं. तिसऱ्या चमच्याला मला प्रश्न पडला, की बटाटा कुठेय? चौथ्याला खात्री पटली की मी वाटीभर लोणी खातोय आणि बटाटा त्यात लोण्याला बसायला पाट म्हणून घेतलेला आहे. कारागिरीला शंभर पैकी शंभर गुण. पण ज्या गाण्यात प्रत्येक स्वर तेलातून काढल्यासारखा गुळगुळीत असतो, ते गाणं मैफल संपल्यावर आठवत नाही, तसलाच हा प्रकार. प्रशंसा करायला दोन चमचे पुरतात, जेवायला बसलं की पुरत नाहीत.

भाचा म्हणाला, "मामा, हळू बोला. इथे यावर टीका करत नाहीत." मीही मराठीतूनच बोलत होतो, म्हणून निभावलं.

गुळगुळीतपणाचं हे वेड आपल्याकडे आलं ते मिक्सरवर बसून. माझ्या मेहुण्याने एकदा 'क्रीमी' या शब्दाच्या मोहात पडून उकडलेले बटाटे मिक्सरमधून फिरवले. निघाली ती खळ. त्या दिवशी त्याच्या मुलांनी तिने पतंग चिकटवले, आणि ते पतंग पुढल्या संक्रांतीपर्यंत शाबूत होते. याचं कारण सोपं आहे. बटाटा शिजला की त्यातल्या पेशी एकमेकींपासून सुट्या होतात आणि प्रत्येकीच्या पोटात फुगलेला स्टार्च असतो. हलक्या हाताने दाबलं तर पेशी अखंड राहतात, मॅश हलका होतो. पातं फिरलं की त्यांची पोटं फाटतात, स्टार्च मोकळा होतो आणि तुमची चिकटवहीची सोय होते. म्हणून लोणी आधी, दूध मागाहून. मोकळ्या झालेल्या स्टार्चला आधी स्निग्धाचा अंगरखा घालावा म्हणजे तो पाण्याशी फार लगट करत नाही. बटाटे थंड पाण्यात घालून उकळायला ठेवावेत, नाहीतर वरून पीठ आणि आतून धोंडा. हे नियम फ्रेंचांचे नाहीत, बटाट्याचेच आहेत.

ज्यांना एवढाही व्याप नको त्यांच्यासाठी सुकवलेल्या मॅशची पुडी निघाली. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात 'स्मॅश' नावाच्या पुडीची जाहिरात टेलिव्हिजनवर गाजत होती. मंगळावरचे यंत्रमानव बसलेत आणि पृथ्वीवरची माणसं अजून बटाटे सोलतात, उकडतात, कुस्करतात हे ऐकून गडगडा लोळतायत. जाहिरात उत्तम. पण हसणाऱ्यांपैकी एकालाही जीभ नव्हती, हे कुणी लक्षात घेतलं नाही.

आता लसूण. अमेरिकेला फ्रेंच स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्यूलिया चाइल्ड यांचं दोन सहलेखिकांबरोबरचं पुस्तक 1961 साली निघालं. त्यातल्या लसणीच्या मॅशला लसणीचे दोन अख्खे गड्डे लागतात. पाकळ्या नव्हे, गड्डे! जवळजवळ तीस पाकळ्या. आमच्या शेजारच्या वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या खिडकी लावून घेऊ लागल्या. पण यातली मेख अशी की त्या पाकळ्या अख्ख्याच उकळून, लोण्यात वीसेक मिनिटं मंद शिजवून, मग दुधाच्या पांढऱ्या सॉसमध्ये घोटायच्या असतात. लसणीचा तिखट वास मुळात लसणीत तयार नसतो. ठेचली, चिरली की तो जन्माला येतो. अख्खी शिजवली तर तो जन्माला घालणारं द्रव्यच आधी मरतं आणि उरते एक मवाळ, गोडसर म्हातारी. आपण लसणीशी कायम ठेच्याच्या भाषेत बोलत आलो. ती हळू आवाजातही बोलू शकते, हे आपल्या कधी लक्षातच आलं नाही. या एका गोष्टीसाठी मी चाइल्डबाईंना नमस्कार करतो.

या शहरातल्या एका बड्या हॉटेलात मात्र 'गार्लिक हर्ब मॅश' या नावाखाली जे मिळालं त्याला नमस्कार लांबून. कच्ची लसूण वाटून घातलेली, वर पिझ्झ्याच्या पाकिटातल्या हिरव्या भुग्याचा सडा. त्याला 'हर्ब' म्हणायचं तर आमच्या गल्लीतल्या वाळक्या गवतालाही म्हणावं लागेल. खरी पद्धत साधी आहे. थाइम किंवा रोझमेरीची काडी दुधात टाकून दूध तापवायचं, काडी काढून टाकायची. सुवास येतो, काड्या दातांत येत नाहीत. पार्सली किंवा चाइव्ह शेवटी, कच्चेच, बारीक चिरून. चाइव्ह म्हणजे कांद्याच्या पातीची सडपातळ मावसबहीण. न मिळाल्यास थोरलीला बोलवावं, ती रागावत नाही. आणि थाइमसाठी ऊर फुटेस्तोवर बाजार हिंडायचं कारण नाही. थाइमला ज्याने वास येतो ते थायमॉल आपल्या ओव्यात भरपूर असतं. गॅलरीतल्या कुंडीत ज्या पानओव्याची आपण भजी करतो, त्याचं एक पान दुधात सोडून पाहा. दोन पानं नको. दोन पानांनी मॅशचा काढा होतो.

एवढ्या बारकाईने मी या मऊ पदार्थाच्या मागे का लागलोय, असं कुणी विचारील. त्याचं कारण आमचे अण्णा. शेवटच्या वर्षी त्यांचे सगळे दात गेले होते, कवळी बसत नव्हती. घरात सगळं मऊ शिजू लागलं. मऊ भात, मऊ खिचडी, उकडून कुस्करलेला बटाटा, त्यात चिमूटभर मीठ. आम्ही काळजीपोटीच करत होतो. एके दिवशी अण्णांनी ताट हाताने बाजूला सारलं आणि म्हणाले, "अरे, दात गेलेत माझे. जीभ नाही गेली." त्या दिवशी हिने बटाट्यात तुपातली लसूण घातली, कोथिंबीर घातली, आणि बटाटा मुद्दाम थोडा भरड ठेवला, हिरड्यांनी दाबता येतील अशा मऊ फोडी. अण्णा अर्धा तास जेवत होते. मधे एकदा थांबून म्हणाले, "आता कसं, काहीतरी खाल्ल्यासारखं वाटतंय." मॅशच्या समीक्षेसाठी मला अजून याहून चांगली कसोटी मिळालेली नाही. रोबुशाँसाहेबांची वाटी मी हीच कसोटी लावून पाहिली होती, आणि ते तिथेच नापास झाले.

पास झाला तो एक खेडवळ पदार्थ. भाचा राहतो क्लेरमाँ-फेराँला. जे मिशलँ हॉटेलांना तारे वाटतात, त्यांचं टायरचं मूळ ठाणं याच गावात. लोकांनी मोटारीतून लांब लांब जेवायला जावं म्हणजे टायर झिजतील, या हिशेबाने 1900 साली त्यांनी ती मार्गदर्शिका काढली होती. आम्हीही इमाने इतबारे टायर झिजवत दक्षिणेला ओब्राकच्या पठारावर गेलो. कास पठाराला थंडी वाजून आली तर कसं दिसेल तसं ते पठार. तिथून सान्तियागो द कोम्पोस्तेला या क्षेत्राला जाणारी पायी वाट जाते. धुक्यात चुकलेल्या वारकऱ्यांसाठी तिथल्या मठात घंटा वाजवत असत, आणि आलेल्याला पावात ताजं चीज कालवून वाढत. वारकरी लॅटिनमध्ये 'आलिक्विद' मागत, म्हणजे 'काहीतरी' द्या, म्हणून पदार्थाचं नाव 'आलिगो' पडलं, असं तिथे सांगतात. पुढे एकोणिसाव्या शतकात पावाच्या जागी बटाटा आला.

किलोभर बटाट्याला चारशे ग्रॅम ताजं, न मुरवलेलं 'तोम' चीज, साय, लोणी आणि लसणीची एखाददुसरी पाकळी. लाकडी उलथण्याने ते एकाच दिशेने घोटत राहायचं, अगदी खांदा भरून येईपर्यंत. मग ते पातेल्याच्या कडा सोडतं आणि उलथणं वर उचललं की हातभर लांब पडद्यासारखं उठतं. वाढणारा बाप्या ते चक्क कात्रीने कापत होता. शेजारी सॉसेज होतं, ते मी भाच्याकडे सरकवलं. आणि हा पदार्थ तोंडात विरघळत नाही हो! तो हटवादीपणा करतो. त्याला ओढावं लागतं, दाबावं लागतं, तो थोडा भांडतो, मग लसूण मागून हळूच हजेरी लावते, आणि बटाटा शेवटपर्यंत बटाटाच राहतो. अण्णांना दोन घास दिले असते तर त्यांनी तासभर लावला असता.

घरी आल्यावर करायचं ठरवलं. तोम इथे मिळत नाही. पनीर ताणलं जात नाही, ते नुसतं रुसून गोळा होतं. मोझरेला ताणलं जातं, पण त्याला स्वतःचं मत नसतं. म्हणून त्यात थोडं जुनं, तिखटसर चीज किसून घातलं. बटाटे मंचरच्या बाजूचे, जुने, कोरडे. नवा बटाटा घेऊ नका, तो पाणी सोडतो. लसूण तुपात अख्खी शिजवली, दुधात पानओव्याचं एकच पान. उलथणं वर उचललं तर वीतभर तरी ताणलं गेलं. शेजारच्या वहिनीही खिडकी उघडून बघायला आल्या. हिने चमचाभर खाऊन पाहिलं, थोडा वेळ छताकडे बघितलं आणि म्हणाली,

"मीठ कमी आहे. पण उद्या परत कर."