संमतिपत्राची मराठी : वऱ्हाडातून एक वाचन

मराठी समीक्षेने पोथ्या वाचल्या, बखरी वाचल्या, वतनांचे मोडी कागदही वाचले. दवाखान्यात हाती पडणारे माहितीपत्रक आणि त्यामागोमाग सहीसाठी येणारे संमतिपत्र मात्र तिने फारसे तपासलेले दिसत नाही. ज्या गद्याखाली सही करून माणूस आपले शरीर दुसऱ्याच्या हाती सोपवतो, त्या गद्याची जबाबदारी कवितेपेक्षा कमी कशी म्हणावी? अमरावती-अकोल्यात जमवलेल्या अशा कागदांपैकी एकाच विषयाचे कागद येथे वाचायचे आहेत. विषय आहे ओघळलेले स्तन वर उचलून बसवण्याची शस्त्रक्रिया.

डॉक्टरी भाषेत तिला मास्टोपेक्सी म्हणतात. ग्रीकमधला हा जोडशब्द आहे : स्तन, आणि पक्के बसवणे. शब्द परका, पण सरळ, कारागिराच्या कामासारखा. मराठी पत्रक मात्र ‘सौष्ठव’, ‘सुडौल’, ‘उन्नत’ अशा शब्दांनी भरलेले असते. हा शब्दसाठा वैद्यकातला नाही, शृंगारकाव्यातला आहे. संस्कृत कवींनी नायिकेसाठी घडवलेली विशेषणे पत्रकात रुग्णाला लावली जातात. काव्यातल्या नायिकेला आणि मंदिराच्या भिंतीवरच्या दगडी सुरसुंदरीला वय नाही, बाळंतपण नाही, टाकेही नाहीत. पत्रक वाचणाऱ्या बाईला हे सगळे आहे.

तिचे प्रश्न साधे असतात. डाग राहीन का? लेकराले अंगावर पाजता येईन का? वजन कवा उचलता येईन? पुन्हा खाली येतीन का? यांतल्या प्रत्येकाला साध्या मराठीत उत्तर देता येते.

डाग राहतो. बोंडाभोवतीच्या काळसर वर्तुळाला धरून चीर घेतात. बहुधा तिथून सरळ खाली, आणि ओघळ जास्त असेल तर स्तनाखालच्या घडीतूनही. जादा कातडी काढून आतले मांस वर ओढून शिवतात आणि बोंड, त्याचा रक्तपुरवठा राखून, वर सरकवतात. वण काही महिने लाल, जाड दिसतो. वर्ष-दीड वर्षात फिका होतो, नाहीसा होत नाही. सावळ्या कातडीवर तो जाड वा काळा राहण्याचा संभव अधिक. स्तन मोठा होत नाही, कधी थोडा लहानच दिसतो. बोंडाची संवेदना काही काळ, क्वचित कायमची, जाते. पाजता येईलच अशी हमी नाही. म्हणून आणखी मूल हवे असेल तर थांबावे. वजन कमी-जास्त झाले, पुन्हा गरोदरपण आले, नुसते वय वाढले, तरी ओघळ हळूहळू परततो.

वजनाचे उत्तर साधारण चार ते सहा आठवडे. पत्रकात ‘जड व्यायाम टाळावा’ असते. कळशी, कापसाचे गाठोडे आणि कडेवरचे पोर हा आपल्याकडे व्यायाम समजला जात नाही, म्हणून बाई ते टाळत नाही. काही आठवडे रात्रंदिवस घालायच्या आधाराच्या ब्राचा उल्लेख असतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे गेल्यावर ती कशी घालायची, याचा नसतो. ‘धूम्रपान बंद करावे’ असते, पण खर्रा नसतो. निकोटीन धुरातून जावो की गालफडातून, ते रक्तवाहिन्या आकसवते. जखम चिघळते, कातडीची कड वा बोंडही मरू शकते. बिडी न ओढणारी बाई हे वाक्य आपल्यासाठी नाही असे समजून पुढे जाते.

ओघळण्याचे कारण म्हणून अंगावर पाजण्याकडे बोट दाखवले जाते. २००८ साली अमेरिकेतील केंटकीच्या शल्यविशारदांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तसा संबंध आढळला नाही. वय, वजन, गरोदरपणांची संख्या, धूम्रपान यांचा संबंध आढळला. पत्रकातल्या एका चुकीच्या वाक्याने एखादी आई पाजणे लवकर तोडू शकते.

ही शस्त्रक्रिया मागणाऱ्या बाईला नावे ठेवण्याचे कारण नाही. शरीर तिचे, आणि विमा सहसा देत नाही म्हणून पैसेही तिचेच. प्रश्न आहे तो तिला काय कळल्यावर तिने ‘हो’ म्हटले, हा. २००८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उपचाराचे स्वरूप, फायदे, धोके आणि पर्याय पुरेसे सांगितल्यावर मिळालेली संमती हीच खरी संमती. म्हणजे न समजणारी मराठी ही केवळ शैलीची उणीव उरत नाही.

आणि हा निकष आपल्याला नवा नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याचा तो पाया. त्याच परंपरेत चक्रधरांनी विटाळाची कल्पना बाजूला सारून स्त्रीच्या शरीराविषयी मोकळेपणाने सांगितल्याचे नोंदले आहे. ‘स्मृतिस्थळा’त नागदेवाचार्य संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशवराजाला थांबवतात, कारण त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील. कोण वंचित राहील, हे पाहून भाषा ठरवणारा हा निर्णय वऱ्हाडाच्या मातीतला आहे. बोलीचे म्हणाल, तर उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ने (१९६०) वऱ्हाडी बोलीवर अख्ख्या शोकांतिकेचा भार टाकून दाखवला; चार सूचनांचा भार ती सहज पेलेल.

कपाशीचे बोंड आणि स्तनाचे बोंड यांना मराठीत एकच शब्द आहे. तो असभ्य ठरवून आपण ‘स्तनाग्र’ छापतो. संमतिपत्र लिहिणाऱ्यांनी एवढे करावे : मजकूर रुग्णाला मोठ्याने वाचून दाखवावा आणि तिला तो तिच्या शब्दांत परत सांगायला लावावा. ती जिथे अडखळेल ते वाक्य बदलावे. सही त्यानंतर घ्यावी, आणि सगळे समजल्यावर ती नको म्हणाली, तर पत्रक चांगले लिहिले गेले असेच समजावे.