अपंगत्वाची टक्केवारी आणि कार्यक्षमतेचे मूल्यमापन : एक चिकित्सा

रुग्णाच्या शारीरिक कार्यक्षमतेचे मूल्यमापन हा पुनर्वसन प्रक्रियेतील मध्यवर्ती टप्पा होय. रुग्ण कोणते काम, किती वेळ व कोणत्या जोखमीने करू शकेल, याचे उत्तर त्यातून मिळणे अपेक्षित असते. व्यवहारात मात्र या प्रश्नाची जागा बहुधा टक्केवारीचे प्रमाणपत्र घेते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात नोकरीतील आरक्षणासाठी किमान ४० टक्क्यांची अट आहे. पात्रता ठरविण्यास ती उपयुक्त आहे. कार्यक्षमता ठरविण्यास अपुरी आहे.

टक्केवारी अवयवाची हानी मोजते, कामाची मागणी नव्हे. राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०१०) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद स्पष्ट केला. डावा हात गमावल्यास चालक किंवा सुताराची उपजीविका जवळजवळ संपते. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते.

पिंपळगाव राजासारख्या (ता. खामगाव, जि. बुलढाणा) शेतीप्रधान गावात हा भेद अधिक तीव्र होतो. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळत असल्यास बोटांचा किंचित ताठरपणाही मिळकत घटवितो. गुडघा न वाकणाऱ्या स्त्रीला निंदणीसाठी बसता येत नाही. प्रमाणपत्रावर मात्र ही हानी किरकोळ ठरू शकते.

उचल, पकड व चाल यांच्या प्रमाणित चाचण्या टक्केवारीच्या पुढे जातात, हे मान्य करावे लागते. तथापि एका दिवशी, बंद खोलीत घेतलेल्या चाचणीत उन्हातील थकवा आणि दुसऱ्या दिवशीची वेदना उमटत नाही. कुष्ठरोगाने संवेदना हरपलेल्या हाताची पकड शाबूत असू शकते. परंतु विळ्याची मूठ घासून झालेली जखम त्या हाताला कळत नाही. येथे प्रश्न बळाचा नसून सुरक्षिततेचा असतो.

वरोरा येथे बाबा आमटे यांनी उभारलेल्या आनंदवनात कुष्ठरुग्णांनी विहिरी खोदल्या, शेती केली. उरलेल्या क्षमतेस अनुरूप काम मिळाल्यास माणूस उभा राहतो, हे या प्रयोगाने सिद्ध केले. मात्र या उदाहरणाच्या आधारे 'प्रत्येक जण काम करू शकतो' असे म्हणून साहाय्य नाकारणे हा त्याचा विपर्यास ठरेल.

म्हणून मूल्यमापनाचा आरंभ रुग्णाच्या प्रत्यक्ष कामाच्या विश्लेषणाने व्हावा, चाचणी शक्यतो कामाच्या जागी घ्यावी आणि ठरावीक काळाने फेरतपासणी व्हावी. अन्यथा प्रमाणपत्र हाती येते, पण रोजगार परत येत नाही.