बलुते, पोस्त आणि टिप

दया पवारांचे ‘बलुतं’ (1978) वर्गात शिकवताना शीर्षकाचा अर्थ आपण एका वाक्यात उरकतो: गावकीच्या कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा. वाटा म्हटले की हक्क वाटतो. प्रत्यक्षात तो खळ्यावर उभे राहून मागावा लागे. राबवून घ्यायचे सरकारने आणि पोट भरायचे रयतेच्या मर्जीवर, असा तो कारभार होता. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते म्हणूनच. महाराला ठरलेला रोख मोबदला हवा होता, सुपातली मेहेरबानी नव्हे. वतने खालसा करणारा कायदा झाला तो थेट 1958 साली.

वतन गेले, तऱ्हा राहिली. माझे वडील कंत्राटदाराकडे झाडूकाम करीत. दिवाळीत पोस्त मागायला दारोदार जात, पिशवी धरायला मी. पोस्त देणाऱ्या बायांवर माझा राग नाही. एकीने तर मला वह्या दिल्या. पण तीन महिने पगार थकवणारा कंत्राटदार त्या दिवशी कुणाच्याच डोळ्यासमोर नव्हता. आमच्यासुद्धा.

अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनडब्यांत काळे सेवक नेमले ते असेच. पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या टिपवर. प्रवासी त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत. जॉर्ज हे मालकाचे नाव! 1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांची संघटना उभी राहिली. कंपनीशी करार व्हायला 1937 उजाडले. तरीही टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे रोख वेतन तिथल्या केंद्रीय कायद्याने 1991 साली ताशी 2.13 डॉलरवर आणून ठेवले ते तिथेच थिजले. बाकीचे गिऱ्हाइकाने भरावे. कमी पडले तर मालकाने, असेही कायदा म्हणतो. पण तो हिशेब मागायला मालकाच्या तोंडी कोण लागणार?

आमच्या स्टाफरूममधले एक पुरोगामी मित्र तत्त्व म्हणून टिप देत नाहीत. तत्त्व त्यांचे, खिसा वेटरचा. गल्ल्यावरच्या मालकाला पोऱ्याचा पगार विचारताना मात्र मी त्यांना कधी पाहिले नाही. मी टिप ठेवतो आणि पगारही विचारतो. परवा एका मालकाने हसून उत्तर दिले, “सर, पगाराचं काय घेऊन बसलात? त्याला वरचे सुटतात की!”