टाकीचा घाव आणि पाषाणाची पारख

चिनी पंडितांच्या अभ्यासिकेत कुंचला, कागद आणि शाई यांच्या शेजारी, नक्षीदार लाकडी बैठकीवर एखादा ओबडधोबड पाषाण मांडलेला असे. त्याचा व्यवहारात उपयोग काहीच नाही. तरीही हजारांवर वर्षे त्या देशातील श्रेष्ठ रसिकांनी अशा पाषाणांवर ग्रंथ रचले, त्यांची चित्रे काढली. त्यांच्या कसोट्या चार : पाषाण कृश असावा, अंगावर सुरकुत्या असाव्यात, पाणी खेळावे अशा पोकळ्या असाव्यात आणि छिद्रांतून पलीकडचा उजेड दिसावा. या कसोट्या चित्रकार व सुलेखनकार मी फू (१०५१–११०७) याच्या नावावर सांगितल्या जातात. वूवेई येथे अधिकारी असता एक विलक्षण पाषाण पाहून त्याने दरबारी वस्त्रे परिधान केली, त्यास वंदन केले आणि थोरला भाऊ म्हणून संबोधिले, अशी त्याची ख्याती आहे.

या चार कसोट्यांशी आमचे भांडण नाही. ते आहे आजचे अनेक संग्राहक जिचा आग्रह धरतात त्या पाचवीशी : पाषाणास मनुष्याचा हात लागलेला नसावा. आपल्या वाचकांना ही अट चटकन पटेल. स्वयंभू देवास टाकी लागलेली नसते. गंडकीचा शाळिग्राम आणि नर्मदेचा बाण नदीनेच घडविलेला, ही आपली श्रद्धा. परंतु तेथे प्रश्न देवत्वाचा आहे. चिनी पंडिताने पाषाणात मुख्यतः डोंगर पाहिला, आणि घरबसल्या त्या डोंगरात तो हिंडला. श्रद्धेच्या प्रांतातील अट रसिकतेच्या न्यायासनापुढे आणली, की तिला पुरावा मागणे प्राप्त होते.

पुरावा प्रतिकूल आहे, आणि साक्षीदार घरचाच आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दू वान याने शंभरांहून अधिक प्रकारच्या पाषाणांचा ग्रंथ सिद्ध केला. ताय सरोवराच्या पाषाणांविषयी तो लिहितो, की माणसे हातोडा व छिन्नी घेऊन खोल पाण्यात उतरतात, निवडलेला तुकडा तोडून जाड दोरांनी बांधतात आणि मोठ्या नावेवरील लाकडी सांगाड्याने वर ओढतात. आकारात काही न्यून असल्यास कोरून ते भरून काढतात आणि पाषाण पुन्हा पाण्यात सोडतात. दीर्घकाळ लाटांचे घर्षण झाले म्हणजे टाकीची खूण उरत नाही. लिंगबीचा पाषाण, जो ठोकला असता घंटेसारखा निनादतो, तो खोल मातीतून निघतो. लोखंडी पात्याने दोनतीनदा खरवडल्यावाचून त्याचे रूप दिसत नाही. चारी बाजूंनी सुंदर असे त्यांत कित्येक शेकड्यांत एखाददुसरेच, हेही त्याने नोंदविले आहे.

मग सौंदर्य कोणाचे, सरोवराचे की छिन्नीचे? आमच्या मते हा वाद व्यर्थ आहे. टाकी पाषाणाच्या अंगभूत रेषेच्या मागे गेली असेल, तर ती निवड करणाऱ्या डोळ्याचाच विस्तार होय. रेषा मोडून पुढे गेली असेल, तर पाषाण फसला, मग त्याचे वय काही का असेना. बैठक तरी कोण कोरतो? उभा कोणता आणि आडवा कोणता, हे तीच ठरविते. तांग राजवटीतील मंत्री न्यू सेंगरू याने तर आपल्या पाषाणांच्या चार प्रती लावल्या, प्रत्येकीत उत्तम-मध्यम-कनिष्ठ असे भेद केले, आणि प्रत्येकाची प्रत त्याच्याच पाठीवर कोरविली! बाय जूयी या कवीने ८४३ साली हे लिहून ठेवले आहे. त्या रसिकांना या घावाने विटाळ झाला नाही. अपराध घडतो तो नवा घाव जुना म्हणून विकताना, आणि तो रसशास्त्राचा नव्हे, फसवणुकीचा आहे.

मनुष्याचा हात मोजायचाच, तर सारे हात मोजावेत. सम्राट हुइझोंग याने काइफेंग येथे पाषाणांचा कृत्रिम पर्वत रचला. ११२२ साली तो पूर्ण झाला. त्याचा हस्तक झू म्येन दक्षिणेत लोकांच्या घरांतील पाषाणांवर राजाची मोहोर लावी आणि ते बाहेर काढण्यासाठी भिंती पाडवी. मोबदला नाही, दाद नाही. नौकांचे तांडे कालव्यातून उत्तरेकडे जात राहिले. ११२० साली फांग ला याचे बंड पेटले, त्यात झू म्येनविषयीचा संताप मोठा होता. पुढे जुर्चेन सैन्याने काइफेंगला वेढा घातला, तेव्हा त्या पर्वतावरील वृक्ष सरपणासाठी तोडले गेले, आणि पाषाण फोडून तटावरील यंत्रांतून शत्रूवर फेकले गेले.