संज्ञापन, संवाद आणि दळणवळण : एका परिभाषेची चिकित्सा

एखादी विद्याशाखा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत येते तेव्हा तिच्याबरोबर केवळ संज्ञा येत नाहीत; त्या संज्ञांनी गृहीत धरलेले सिद्धांतही नकळत येतात. जनमाध्यमांच्या अभ्यासाबाबत आपल्याकडे हेच घडले आहे. मुंबई विद्यापीठाचा 'बॅचलर ऑफ मास मीडिया' हा अभ्यासक्रम ठाणे-कल्याण परिसरातील महाविद्यालयांतून रुजला, पुढे मराठी माध्यमातूनही तो शिकण्याची सोय झाली, आणि २०१९ पासून तो 'मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन' ह्या नव्या नावाने ओळखला जाऊ लागला. नाव बदलले तरी मूळ प्रश्न तसाच राहिला. तो प्रश्न असा की, 'कम्युनिकेशन' ह्या शब्दासाठी आपण जी मराठी संज्ञा वापरतो ती आपणांस नेमके काय पाहावयास शिकवते?

विद्यापीठीय व्यवहारात 'संज्ञापन' हा शब्द रूढ आहे. मुंबई आणि पुणे येथील विद्यापीठीय विभागांच्या नावांतही तोच आढळतो. सम् ह्या उपसर्गासह ज्ञा धातूच्या प्रयोजक रूपापासून तो सिद्ध होतो. त्याचा अर्थ 'जाणविणे', 'जाणावयास लावणे' असा. प्रयोजक म्हटले की करविणारा एक आणि ज्याच्याकडून करवावयाचे तो दुसरा, अशी विभागणी आलीच. म्हणजे जाणविणारा कर्ता सक्रिय आणि ज्याला जाणवावयाचे तो केवळ ग्रहण करणारा, ही कल्पना शब्दाच्या घडणीतच बसलेली आहे. (ह्याच धातूपासून ऱ्हस्व अकाराने होणारे 'संज्ञपन' हे रूप वैदिक कर्मकांडात यज्ञपशूच्या वधासाठी योजले जाई. ह्या योगायोगावरून कोणताही निष्कर्ष काढू नये, हे सांगणे न लगे.) हिंदीने 'संचार' हा शब्द स्वीकारला, तेथे भर गतीवर आहे. 'संवाद' ह्या शब्दात उभयपक्षी बोलणे अभिप्रेत असते. पण रेडिओ किंवा वृत्तपत्र ह्यांच्याबाबतीत ते प्रत्यक्षात कितपत घडते, ही शंकाच आहे. तिन्ही शब्द तीन वेगळे सिद्धांत सुचवितात. आमच्या टिपणवह्यांतून मात्र ते समानार्थी म्हणून सुखाने नांदत असतात.

ह्या गैरसमजाचे मोल कोणाला द्यावे लागते, हे एका अनुभवावरून सांगतो. हॅरल्ड लासवेल ह्यांनी १९४८ साली मांडलेले सूत्र, म्हणजे कोण, काय, कोणत्या मार्गाने, कोणाला सांगतो आणि त्याचा परिणाम काय होतो, हे शिकविल्यानंतर प्रस्तुत लेखकाने वर्गाला एक स्वाध्याय दिला : आपल्या परिसरातील एखादी संज्ञापन-घटना निवडून तिचे प्रेषक, संदेश, माध्यम आणि ग्राहक असे पृथक्करण करावे. डोंबिवलीजवळच्या एका गावातील विद्यार्थिनीने आपल्या घरच्या लग्नातील धवला निवडला. आगरी समाजात लग्नविधींच्या वेळी धवलारीण जी गीते गाते ती धवला होत. ह्या विद्यार्थिनीने गीते, प्रसंग आणि गाणाऱ्या स्त्रिया ह्यांचे उत्तम वर्णन केले. परंतु 'प्रेषक' हा रकाना कोरा ठेवला. लेखकाने त्याबद्दल तिचे गुण कापले. पुढे तिने विचारले, "सर, गाणे तिचे नाही आणि ऐकणाऱ्या बायकांना ते आधीच पाठ आहे, मग पाठविले कोणी?" ह्या प्रश्नाला लेखकाजवळ उत्तर नव्हते. चूक तिच्या उत्तरपत्रिकेत नव्हती, सूत्रात होती, आणि ते सूत्र सर्वत्र लागू पडते असे मानणाऱ्या अध्यापकात होती.

येथे भाषाभ्यासकाने आणखी एक गोष्ट नोंदवावयास हवी. प्रमाण मराठीतील ळ-च्या जागी आगरीत पुष्कळदा ल येतो. तेव्हा हा 'धवला' आणि तेराव्या शतकातील महदंबेचे 'धवळे' ह्यांचे नाते सहज ध्यानात येते. सातशे वर्षांहून अधिक काळ ज्या रचनाप्रकाराची ओळख मराठीला आहे, त्याला सामावून घेणारा रकाना आमच्या आराखड्यात नसावा, ही नामुष्की नव्हे काय?

अमेरिकन अभ्यासक जेम्स केरी ह्यांनी १९७५ साली संज्ञापनाच्या दोन दृष्टी वेगळ्या केल्या. एकीत संदेश दूरवर पोहोचविण्याला महत्त्व असते. दुसरीत समाजाला काळाच्या ओघात एकत्र धरून ठेवणाऱ्या विधीला. धवला दुसऱ्या दृष्टीनेच उलगडतो. केरी असेही दाखवितात की, तारायंत्र येण्यापूर्वी माणसांची व मालाची वाहतूक आणि वार्तेची वाहतूक ह्या एकाच व्यवहाराच्या बाजू होत्या. हा विचार मराठी वाचकाला नवा वाटू नये; कारण 'दळणवळण' ह्या आपल्या साध्या शब्दात वाहतूक आणि लोकांचा परस्परव्यवहार ही दोन्ही अंगे अजून एकत्र आहेत.

आणि ह्या शब्दासाठी ठाणे-कल्याणाइतके योग्य उदाहरण दुसरे कोणते? बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे 'अरुणोदय' हे वृत्तपत्र १८६६ सालचे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. ह्यांत सरळ कार्यकारणभाव आहे असे म्हणण्याचे धाडस येथे करीत नाही. पण रूळ, वाचनालय आणि वृत्तपत्र ह्यांचा इतिहास तीन वेगळ्या टिपणांत लिहावा असे मात्र नाही. आजही ध्वनिक्षेपक 'धीमी' म्हणतो आणि प्रवासी 'स्लो' म्हणतो. गाडी का रखडली ह्याचा निर्वाळा ध्वनिक्षेपकाआधी प्रवाशांच्या मोबाईलवरील गटांत मिळालेला असतो. 'जन' म्हणजे एकजिनसी समुदाय नव्हे, हे समजण्यास रेमंड विल्यम्स अवश्य वाचावेत. परंतु डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी उभे राहिल्यासही ते पुष्कळसे समजते.

ह्यावर असा आक्षेप येईल की, पारिभाषिक संज्ञा संकेताने ठरते. व्युत्पत्तीने तिला बांधून घेण्याचे कारण नाही. आक्षेप तत्त्वतः मान्य आहे. पण संकेत जाणून पाळला तरच तो संकेत राहतो. न जाणता पाळला तर त्याचा ग्रह होतो. शिवाय 'संज्ञापन' टाकून द्यावे असेही येथे म्हणणे नाही. जाहिरात, शासकीय निवेदन, फलाटावरील घोषणा ह्यांना तो शब्द उत्तम लागू पडतो. प्रत्युत्तराला जेथे खरोखर वाव आहे तेथे 'संवाद' म्हणावे, आणि ह्या सर्वांना व्यापणाऱ्या व्यवहारास 'दळणवळण' म्हणण्याचा संकोच धरू नये. तो शब्द घरगुती आहे, हा त्याचा दोष नव्हे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधाचा विषय निवडताना प्रथम आपल्या गावातील, आपल्या मार्गावरील एका व्यवहाराचे तपशीलवार वर्णन करावे आणि सूत्र त्यानंतर लावून पाहावे. एखादा रकाना कोरा राहिला तर तो तसाच राहू द्यावा. परीक्षकानेही त्या रकान्यासाठी गुण कापण्यापूर्वी, तो कोरा का राहिला ह्याचा विचार करावा. संशोधनाचा आरंभ बहुधा तेथूनच होत असतो.